आधी रीडिंग, मग जर्नल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात नुकतीच शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची बातमी छायाचित्रासह आली. छायाचित्रात फीत आहे, कात्री आहे, शाली आहेत आणि मागच्या टेबलांवर ओळीने मांडलेले डिजिटल ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारी यंत्रं, आहेत. नीट पाहिलंत तर दिसेल, त्यातल्या एकाच्याही पडद्यावरचा कारखान्यातून चिकटून आलेला पारदर्शक कागद अजून निघालेला नाही. तो कधी निघणार याची मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. प्राध्यापक नव्हे. टेबलं लावायची, प्रोब (यंत्राच्या मोजायच्या तारा) मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे, उडालेले फ्यूज बदलायचे, परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या चहाचं बघायचं, हे माझं काम. वर्गात काय शिकवलं जातं याबद्दल मी बोलणार नाही. टेबलावर काय होतं ते मात्र मी रोज पाहिलंय, आणि टेबलावर जे होतं ते जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, येत नाही, अशी माझी तक्रार आहे.

उदाहरण एकच घेते, कारण तेच मला सर्वांत जवळून माहीत आहे. लो-पास फिल्टर. डिप्लोमा असो की डिग्री, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला हा प्रयोग चुकत नाही. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, बास. सावकाश हलणारा सिग्नल जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो, भरभर हलणारा अडतो. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांनी विसर्जनाची रात्र आठवावी: दोन गल्ल्या सोडून डीजे लागलेला असतो, आपण खिडक्या गच्च लावतो, मग गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत पण ठोका छातीत बसतोच. भिंती आणि काचा वरचे सूर अडवतात, खालचे सोडतात. आपल्या फिल्टरचंही काम तेच, फक्त कुठल्या सुराला किती अडवलं हे आकड्यांत मोजायचं असतं.

प्रयोगात वेगवेगळ्या वारंवारतेच्या (सेकंदाला किती वेळा हलते ती, मोजायची हर्ट्झमध्ये) गुळगुळीत साइन लहरी इनपुटला द्यायच्या, दर वेळी इनपुट आणि आउटपुट मोजायचं, त्यांचा भागाकार करायचा आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सेमीलॉग पेपरवर (त्यावर आडव्या बाजूला दर दसपटीला सारखीच जागा असते) आलेख काढायचा. रेझिस्टर १० किलो-ओहमचा आणि कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा घेतला की सूत्राने फिल्टरच्या हद्दीचं उत्तर येतं १,५९१ हर्ट्झ. तिथे आउटपुट इनपुटच्या ०.७०७ पट व्हायला हवं. आणि तसंच होतं! वर्गातल्या झाडून सगळ्या जर्नलांत १.५९ किलोहर्ट्झला ०.७०७. एकाचंही ०.७२ नाही, एकाचंही ०.६८ नाही. रेझिस्टरवरची सोनेरी पट्टी सांगते की मी पाच टक्के इकडेतिकडे असेन. साधा डिस्क कपॅसिटर वीस टक्के कमी भरला तरी तो नियमात बसतो. तरीही उत्तर सगळ्यांचं एकच. असा चमत्कार आळंदीलाही होत नसेल.

खोटी जर्नलं ओळखायला मला कधी गणित करावं लागलं नाही. इनपुटचा रकाना पाहिला की कळायचं. पहिल्या ओळीत ५ व्होल्ट आणि खाली शेवटपर्यंत ‘-,,-’ च्या खुणा. दुसरी खूण वारंवारतेच्या रकान्यात. १००, २००, ३००, ४०० असं सरळ चढत गेलेलं. लॉग पेपरवर हे सगळे ठिपके उजवीकडे दाटीवाटीने जमतात आणि डावीकडे मोकळं मैदान राहतं. ज्याने एकदा खरोखर आलेख काढलाय तो पुढच्या वेळी १००, २००, ५००, १०००, २०००, ५००० अशीच रीडिंगं घेतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही, कागदच सांगतो.

यात मुलांचा आळस आहे असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. प्रॅक्टिकलचे तास दोन. त्यात हजेरी, मागच्या जर्नलवर सह्या, टेबलावर चार-पाच जणांचा गट. हवी ती लहर देणारा फंक्शन जनरेटर कपाटात आणि कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये. का? तर वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढलेली असते. बिघडली तर ऑडिटला उत्तर द्यायचं कोणी? वापरून बिघडलेल्या यंत्रापेक्षा न वापरता धूळ खाणारं यंत्र कागदोपत्री बरं. मी स्वतः ज्या संस्थेत होते तिथे हे चालायचं, आणि दुसरीकडून बदलून आलेल्या सहकाऱ्यांकडूनही मी वेगळं काही ऐकलं नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, आहेत त्यांच्यामागे समित्यांची कामं. अशा वेळी मागच्या वर्षीचं जर्नल हाच सगळ्यांचा तारणहार असतो.

पण फंक्शन जनरेटर नाही म्हणून प्रयोग होत नाही, ही सबब आता टिकत नाही. आमच्याच इमारतीत राहणारी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी मध्यंतरी माझ्याकडे यायची. तिच्याकडे आर्डुइनो ऊनोसारखाच एक प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड होता, तपकीर गल्लीतून चार-पाचशे रुपयांत आणलेला. त्यावर ती दिवे लुकलुकवायची. मी म्हटलं, “अगं, यातून साइन लहर काढू. फिल्टर तपासायला जनरेटर हवाय ना, तो हाच.” ती म्हणाली, “आजी, याची पिन नुसती शून्य नाहीतर पाच व्होल्ट देते. मधलं काही देतच नाही.”

बरोबर आहे तिचं. या बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये आकड्याचं व्होल्टेज करून देणारा भागच नाही. (ईएसपी ३२ या दुसऱ्या चिपमध्ये असे दोन असतात, पिन २५ आणि २६ वर, पण आपल्याकडे जे आहे त्यातच भागवायची सवय जुनी.) मग युक्ती अशी की पिन भराभर चालू-बंद करायची आणि प्रत्येक वेळी ‘चालू’चा काळ कमी-जास्त करायचा. निम्मा वेळ चालू ठेवली तर सरासरी अडीच व्होल्ट, तीन चतुर्थांश वेळ ठेवली तर पावणेचार. पुढे एक फिल्टर लावला की चालू-बंदची किणकिण मागे राहते आणि सरासरी तेवढी पुढे जाते. म्हणजे फिल्टर तपासण्यासाठी जी लहर हवी ती तयार करायलाही फिल्टरच लागतो. मुलीला याची फार गंमत वाटली.

यातही एक खड्डा आहे, आणि बहुतेक मुलं त्यात पडून ‘हे जमत नाही’ म्हणून सोडून देतात. बोर्डाची तयार आज्ञा वापरली तर बहुतेक पिनांवर हे चालू-बंद सेकंदाला जेमतेम ४९० वेळा होतं. त्यातून १,००० हर्ट्झची लहर कुठून निघणार? चिपमधल्या टायमरची दोन-तीन रजिस्टरं (त्याची मांडणी ठरवणारे आकडे) बदलून तो पूर्ण वेगाने पळवावा लागतो. घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, एका फेरीत २५६ पायऱ्या, म्हणजे सेकंदाला ६२,५०० फेऱ्या. मग १,००० हर्ट्झच्या एका लहरीला साडेबासष्ट ठिपके मिळतात, ते पुरेत. १० किलोहर्ट्झला मात्र सहा-सव्वासहाच ठिपके उरतात, तिथे लहर नावापुरती. म्हणून फिल्टर मोजताना आम्ही ५ किलोहर्ट्झच्या वर गेलो नाही. जे यंत्र आपण वापरतो त्याची हद्द कुठे संपते हे माहीत असणं हाही प्रयोगाचाच भाग आहे, आणि जर्नलमध्ये त्याला रकाना नाही.

प्रत्येक फेरीला साइनची किंमत काढत बसायला चिपला सवड नसते. ती आधीच काढून तक्त्यात ठेवतात: एका पूर्ण लहरीचे २५६ आकडे. नंतर एक बत्तीस बिटांचा मोठा आकडा घ्यायचा, दर फेरीला त्यात ठरावीक भर घालायची आणि त्याच्या वरच्या आठ बिटांवरून तक्त्यातली जागा वाचायची. १,००० हर्ट्झसाठी ही भर ६,८७,१९,४७७ इतकी येते. भर बदलली की वारंवारता बदलते, तीही इतक्या बारीक पायरीने की जुन्या जनरेटरच्या तबकडीवर ती कधी लावता आली नसती.

तक्त्यावरून एक आडवळण घेते. मुलीने २५६ आकडे लिहून काढले तेव्हा मी तिला विचारलं, यातले किती खरंच लागतात? चौसष्ट पुरतात. पाव लहर ठेवली की उरलेली तीन चतुर्थांश तीच उलटी-सुलटी करून मिळते. इसवी सन ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त साइनचा जो तक्ता दिला आहे तोही पाव वर्तुळाचाच आहे: पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस आकडे. तेही थेट किमती नाहीत, फरक आहेत. २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत उतरत शेवटी २२ आणि ७. पहिल्या आठांची बेरीज १,७१९ आणि सगळ्यांची ३,४३८. एक बरोबर दुसऱ्याच्या निम्मं, कारण तीस अंशांची साइन निम्मी. मुलीने कॅल्क्युलेटर न घेता बेरीज करून पाहिली. जागा कमी असली की माणूस फरक साठवतो, ही समज तेव्हाही होती आणि दोन किलोबाइट रॅमच्या चिपवर आजही लागते. यावरून आर्यभटाने मायक्रोकंट्रोलर शोधला असा मेसेज मात्र कृपया कोणी फिरवू नये.

आता मूळ मुद्द्यावर येते. लहर गुळगुळीत करायला १ किलो-ओहम आणि २२३ नंबरचा (२२ नॅनोफॅरडचा) कपॅसिटर अशा दोन जोड्या एकामागे एक लावल्या. त्यापुढे ज्याची परीक्षा घ्यायची तो फिल्टर: १० किलो-ओहम, १०३ नंबरचा डिस्क कपॅसिटर (१० नॅनोफॅरड, म्हणजे वरचाच ०.०१ मायक्रोफॅरड). राहिलं मोजणं. घरोघरी असतो तो पिवळा स्वस्त मल्टिमीटर इथे निरुपयोगी आहे. त्यावर एसीचा सर्वांत खालचा पट्टा २०० व्होल्टचा असतो आणि तोही साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा. तो घरातलं मेन्स बघायला केलेला आहे, त्याचा दोष नाही. आम्ही बोर्डाच्याच व्होल्टेज वाचणाऱ्या दोन ॲनालॉग पिना वापरल्या, एक फिल्टरच्या इनपुटला आणि एक आउटपुटला. भराभर रीडिंगं घ्यायची, सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान लक्षात ठेवायचं, वजाबाकी करायची. १०२४ पायऱ्यांत पाच व्होल्ट, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. कॉलेजातल्या प्रयोगाला याहून जास्त लागत नाही.

१,५९० हर्ट्झला पहिलं रीडिंग आलं ०.७७. मुलीचा चेहरा उतरला. “आजी, चुकलं.” मी म्हटलं, “काय चुकलं?” “०.७०७ यायला हवं होतं.” “कोणी सांगितलं?” “जर्नलमध्ये आहे.” मग आम्ही दोन्ही भाग काढून मोजले. रेझिस्टर तिच्या मल्टिमीटरवर ९.८८ किलो-ओहम निघाला. कपॅसिटर मोजायला माझ्याकडे एक जुना मीटर आहे. त्यावर १० ऐवजी ८.३ नॅनोफॅरड. हे दोन आकडे सूत्रात घातले तर उत्तर येतं सुमारे १,९४० हर्ट्झ. तिने २,००० हर्ट्झ लावून पाहिले, ०.७० मिळालं. फिल्टर चोख काम करत होता. चुकीची होती ती अपेक्षा. तपकीर गल्लीतला दुकानदारही बरोबर होता, त्याने १०३ मागितल्यावर १०३ च दिला होता. कपॅसिटरवर छापलेला आकडा हे त्याचं नाव असतं, माप नव्हे, हे त्या मुलीला दोन सेमिस्टरमध्ये कोणी दाखवलं नव्हतं.

याहून मोठा धडा ५ किलोहर्ट्झला होता. १ किलोहर्ट्झला इनपुट साडेचार व्होल्टच्या आसपास होतं. ५ किलोहर्ट्झला ते निम्म्याच्याही खाली आलं, कारण लहर गुळगुळीत करणाऱ्या त्या आधीच्या दोन जोड्याही वरचे सूर दाबतातच की. दर वेळी इनपुट मोजलं म्हणून भागाकार आला ०.३६, म्हणजे त्या रेझिस्टर-कपॅसिटरला यायला हवा तितका. समजा, जर्नलातल्या शिरस्त्याप्रमाणे इनपुट एकदाच मोजून खाली ‘-,,-’ केलं असतं, तर तोच भागाकार ०.१७ च्या आसपास निघाला असता. निम्म्याहून जास्त फरक! आणि मग ही पोर पुढे नोकरीला लागून कुठल्याशा कंपनीत चांगला फिल्टर खराब म्हणून बाजूला टाकत बसली असती.

नंतर मी तिला मुद्दाम एक वात्रट प्रयोग करायला लावला. बोर्डाचं ॲनालॉग वाचन नेहमीच्या मांडणीत सलग चालू ठेवलं तर सेकंदाला ९,६१५ वेळा होतं. म्हटलं, आता लहरच ९,६१५ हर्ट्झची सोड, आणि रीडिंग पडद्यावर बघत बस. आलं काय? अडीच सेकंदांहून थोड्या जास्त वेळात एक संथ हेलकावा. सेकंदाला साडेनऊ हजारांहून जास्त वेळा हलणारी लहर पडद्यावर दिसत होती अशी. वाचन दर वेळी लहरीच्या जवळजवळ त्याच ठिकाणी पडतं, म्हणून हा भास. हॅरी नायक्विस्ट या अभियंत्याचं नाव तिला पाठ होतं, १९२८ हे सालही पाठ होतं, नमुने दुपटीहून जास्त वेगाने घ्यायचे हा नियमही परीक्षेत लिहिलेला होता. पण नियम मोडला की यंत्र खोटं बोलतं आणि खोटं बोलताना अजिबात चाचरत नाही, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लहरीचे नमुने घेणाऱ्या यंत्रांच्या तोंडाशी सहसा लो-पास फिल्टर का बसवतात, हे मग मला समजवावं लागलं नाही.

हे सगळं अभियांत्रिकीच्या पोरांपुरतं आहे असं वाचकांनी समजू नये. इन्व्हर्टर घ्यायला गेलात की खोक्यावर ‘प्युअर साइन वेव्ह’ असं ठळक छापलेलं असतं आणि शेजारच्या स्वस्त खोक्यावर नसतं. आत काय फरक आहे? महागड्यात हेच, वर सांगितलेलं: चालू-बंदचे बारीक ठोके, त्यांचा काळ साइनच्या हिशेबाने कमी-जास्त, आणि शेवटी कॉइल-कपॅसिटरचा लो-पास फिल्टर. स्वस्त चौकोनी लहरीत ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झची भुतंही येतात. पहिलं तर मूळ लहरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं असतं. दिवे गेल्यावर पंखा घूं घूं करत फिरतो तो त्यांच्यामुळे.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं, आता सिम्युलेशन आहे, संगणकावर फिल्टर जोडून पाच मिनिटांत आलेख मिळतो. मिळतो, आणि तो १.५९ च देतो. संगणकातला कपॅसिटर बरोबर दहा नॅनोफॅरडचा असतो, कारण तो तुम्हीच टंकलेला असतो. सिम्युलेशन करावं, जरूर करावं, पण मोजलेल्या आलेखाशेजारी ठेवून. एकटं ठेवलं तर ते मागच्या वर्षीच्या जर्नलची छापील आवृत्ती आहे. दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. आता रीडिंगंही मोबाइलवरच्या एआयला विचारून मिळतात, आणि तो शहाणा ती थोडी ‘चुकवून’ देतो, म्हणजे ०.७१, ०.६९ अशी, खरी वाटावीत म्हणून. म्हणजे नुसतं जर्नल पाहून खरं-खोटं ओळखायची माझ्यासारख्यांची विद्याही संपली.

म्हणून अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की जर्नलच्या सुंदरपणाचे गुण काढून टाका. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत परीक्षकांनी एक चिठ्ठी उचलायला लावावी, तिच्यावर एक वारंवारता असावी, आणि विद्यार्थ्याने तेवढं एकच रीडिंग परीक्षकांसमोर घेऊन दाखवावं, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या भागांनी. त्याआधी त्याने आपला रेझिस्टर आणि कपॅसिटर मोजून आकडे लिहिलेले असावेत. रीडिंग सूत्राशी जुळलं नाही तर गुण कापू नयेत. का जुळलं नाही हे त्याला सांगता आलं तर उलट दोन जास्त द्यावेत. कच्च्या रीडिंगचा कागद, खाडाखोडीसकट, चहाच्या डागासकट, जर्नलला जोडलेला असावा. ओरलला ‘लो-पास फिल्टरची व्याख्या सांगा’ हा प्रश्न विचारून कोणालाच काही मिळत नाही. ‘तुझं ५ किलोहर्ट्झचं इनपुट कमी का आलं?’ हा विचारून बघा, घेतलं कोणी आणि उतरवलं कोणी हे अर्ध्या मिनिटात कळेल.

ज्याच्याकडे बोर्ड आहे त्याला तो प्रयोगशाळेत आणू द्या. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी विभागाने घ्यावेत; एका नव्या ऑसिलोस्कोपच्या पैशात वर्गाला पुरतील एवढे येतात. ते डेड स्टॉकला चढवू नका, उपभोग्य साहित्यात दाखवा, खडू आणि सोल्डरच्या शेजारी. जळले तर जळले. मुलांच्या हातून काही जळलंच नाही तर वर्षभर प्रयोगशाळेत चाललं काय होतं, हे ऑडिटवाल्यांनी विचारलं पाहिजे.

वयाने मोठ्या शिक्षकांना प्रोग्रामिंगची धास्ती वाटते हे मी पाहिलंय. टायमरची रजिस्टरं मुलांना लावू द्या, ती लावतात. आपल्याकडे त्यांना न येणारं एक कसब आहे: रीडिंग पटेना झालं की आधी प्रोबची क्लिप बघायची, मग ग्राउंड, मग भाग, आणि सूत्रावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. हे मला तरी कुठल्या पुस्तकात क्रमाने छापलेलं सापडलं नाही, ते शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

मुलांसाठीही एक सूचना. बोर्डाची पिन थेट मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत घालून ‘मोबाइलचा ऑसिलोस्कोप’ करू नका. ते पाच व्होल्ट असतात आणि ती खाच मिलिव्होल्टसाठी असते. मध्ये शंभरास एक असा रेझिस्टरांचा विभाजक आणि एक कपॅसिटर घाला, मग खुशाल बघा.

पत्र लांबलंय याची जाणीव आहे. जागेअभावी कापायचं झालं तर आर्यभट कापा, इन्व्हर्टर कापा. इनपुट दर वेळी मोजायचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायिका,
कोथरूड, पुणे